जास्तीचे किलोमीटर

१

सुप्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे आणि तिथे मी मोजमाप विभागात आहे. मशीनवरून उतरलेला भाग घ्यायचा, गेजमध्ये बसवायचा आणि चालेल की नाही ते सांगायचं, एवढंच काम. बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. माझी बायको दया म्हणते, केविन जेवायला बसला की आधी चपातीची जाडी बघतो.

मागच्या वर्षी कंपनीने मला गाडी दिली. दिली म्हणजे कंपनीने भाडेकरारावर घेतली आणि वापरायला माझ्या ताब्यात ठेवली. घरच्या कामालाही चालेल, पण वर्षाला ठरावीक किलोमीटरच. ऑफिसातल्या सविता मॅडमनी किल्ली हातात देताना ते दोनदा बजावलं होतं. "मर्यादेच्या वर एक किलोमीटर जरी गेला ना केविन, गाडी परत जाणार. मग माझ्याकडे येऊन बसू नका."

मला ती गाडी हवी होती ती बाबांसाठी. बाबा म्हणजे थॉमस ड्रायव्हर म्हणून अर्ध्या जिल्ह्याला ठाऊक असलेला माणूस, जन्मभर त्यांनी मिशनच्या दवाखान्याची जीप चालवली. आता त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा त्यांना नगरच्या सावेडीतल्या आमच्या घरातून डायलिसिसला न्यावं लागतं. रिक्षात बसवलं की दुसऱ्या वळणाला त्यांना धाप लागते. एकदा आम्ही डायलिसिसची एक पाळी चुकवली होती आणि त्यांना रात्रभर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा चुकवलीत तर मी काही करू शकणार नाही.

म्हणून मी किलोमीटर जपून वापरायचो. पहाटे बाजारात चालत जायचो, रविवारी चर्चला दयाच्या स्कूटरवरून. गाडी फक्त कारखाना आणि बाबा. हिशोब असा चोख बसवला होता की वर्ष संपताना थोडे शिल्लकच राहिले असते.

२

गाडी असली की लोक हात करणारच. सुप्याच्या फाट्यावर, कामरगावच्या चढाला, चासला, कुठे ना कुठे कुणी उभं असतंच. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हटलं की माणूस दुखावतो, आणि उद्या त्याच रस्त्याने जायचं असतं. म्हणून मी काच खाली करायचो आणि म्हणायचो, "आज जरा घाईत आहे. पुढच्या खेपेला नक्की."

एक माणूस जास्त बसला की गाडी काही जास्त धावत नाही, हे मलाही कळतं. पण एकाला बसवलं की तो म्हणणार, जरा आत वस्तीपर्यंत सोडा. वस्ती म्हणजे दीड-दोन किलोमीटर, परत तेवढेच. बाबांच्या दवाखान्याची एक खेप गेली म्हणून समजा.

कारखान्याच्या फाटकाबाहेर कडूबाई नावाची म्हातारी भाजी घेऊन बसायची, कामरगावच्या पुढच्या वस्तीवरची. तिला तर मी हे इतक्यांदा म्हणालो होतो की मला बघितलं की तीच हसून म्हणायची, "व्हय दादा, पुढच्या खेपेला."

बाबांचंही एक मागणं होतं. त्यांना आमच्या टाकळीला जायचं होतं. टाकळी नावाची गावं जिल्ह्यात ढिगाने आहेत. आमची राहुरीच्या पुढची, नदीकाठची. तिथे दफनभूमीत आई आहे. "एकदा तिच्यापाशी बसून येऊ रे," म्हणायचे. मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात जाऊ, बाबा." महिना उलटला की पुन्हा तेच. त्यांना ओरडून बोलायचो असं नाही, पण त्यांच्याकडे बघूनही बोलायचो नाही.

३

पहिल्यांदा लक्षात आलं ते मीटरवरून. सकाळी कारखान्यात गाडी लावताना आकडा बघायची मला सवय होती. संध्याकाळी निघताना बघितला तर तो पुढे गेलेला. थोडाथोडका नाही, चांगला तीस-पस्तीस किलोमीटरने.

मोजमापवाल्याला पहिला संशय मोजणाऱ्या वस्तूवर येतो. मीटर बिघडलं असणार. मग मी पुणे रोडवरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघितलं. दगड सरला की आकडा सरायचा, दोघांचं अगदी एकमत. गॅरेजवाल्यालाही दाखवलं, त्याने मीटर उघडून पुन्हा बसवलं आणि माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. पेट्रोलही तेवढंच जळत होतं. मीटर खोटं बोलेल, टाकीही त्याच्याबरोबर खोटं कशी बोलेल?

म्हणजे गाडी खरोखर धावत होती, आणि किल्ली दिवसभर माझ्या खिशात होती.

घाबरायच्या ऐवजी मी खूश झालो, हे सांगायला लाज वाटते. इतकी वर्षं मी भाग मोजत आलो. मोजायला असं काही कधी मिळालं नव्हतं. टायरला खडूने खूण केली, संध्याकाळी ती जागेवर नव्हती. चाकांना पांढरा मुरूम लागलेला असायचा, आमच्या पार्किंगला तर डांबर आहे. एकदा वायपरमध्ये डाळिंबाचं पान अडकलेलं होतं. एकदा आत मेथीचा वास. आणि एकदा मागच्या सीटवर, खरं सांगतो, बकरीच्या लेंड्या.

मी त्या कागदात गुंडाळून घरी नेल्या. दयाने बघितल्या आणि विचारलं, "हे मला का दाखवतोयस?"

४

"सायब, तुमीच न्हाई का जात रोज जेवायच्या सुट्टीत?" फाटकावरचा काकासाहेब म्हणाला. "मी फाटक उघडतो, तुमी हात करता. आधी कवा करत नव्हता. म्हनलं, सायब सुधारले."

जेवायच्या सुट्टीत मी रोज कँटीनमध्ये असतो. माझ्यासोबत जेवणारी माणसं आहेत. मी काकासाहेबाला फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवायला लावलं. गाडी बाहेर जाताना दिसली. काचेवर ऊन होतं, आतला माणूस दिसत नव्हता. खिडकीतून फक्त एक हात वर झाला, आमच्या गणवेशाच्या निळ्या बाहीतला.

"ह्ये बगा," काकासाहेब म्हणाला, "तुमीच."

निळी बाही काय, कारखान्यात तीनशे जणांना आहे. कुणीतरी दुसरी किल्ली बनवली असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि तीन दिवस डबा घेऊन कँटीनच्या खिडकीशी बसून गाडीवर नजर ठेवली. त्या दिवसांत ती तसूभरही हलली नाही. चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं म्हणून पाच मिनिटं आत गेलो. संध्याकाळी मीटर पुढे गेलेलं होतं, आणि पाच मिनिटांत कुठलीच गाडी एवढं अंतर कापत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर कडूबाईने मला थांबवलं. तिने मूठभर गवार कागदात बांधून माझ्या हातात कोंबली. "घ्या दादा. न्हाई म्हनू नका. रोज वस्तीपतुर सोडता, पाटी उतरवून देता. माज्या पोरानं कवा केलं न्हाई इतकं."

"मावशी, मी बोलतो का तुमच्याशी गाडीत?"

तिने विचार केला. "न्हाई. तुमी नुसतं ऐकता," ती म्हणाली. "पर लई बरं ऐकता."

५

वर्ष संपायला अजून अवकाश होता आणि मर्यादा अगदी टेकत आली होती. सविता मॅडमना सांगणार काय? की मी ज्यांना ज्यांना पुढच्या खेपेला म्हणालो, त्यांची ती खेप कुणीतरी भरतोय? माझ्या डोक्यात हे वाक्य पहिल्यांदा तयार झालं तेव्हा मी ते लगेच खोडलं. मग दिवसभर तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं.

दया आता चिडली होती. "भुताखेताचं नंतर बघ. गाडी गेली तर बाबांना कसं नेणार, ते आधी सांग."

बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "नेऊ नका मग. आपसूक सुटल."

मी ठरवलं की आपण गाडीतच बसून बघायचं. तो बुधवार होता, बाबांच्या डायलिसिसचा दिवस. त्या दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्यांना नेणार होतो. जेवायची सुट्टी झाली तसा मी कँटीनला न जाता पार्किंगमध्ये गेलो, मागचं दार उघडलं आणि पुढच्या-मागच्या सीटच्या मधल्या जागेत आडवा झालो. अंगावर गाडी झाकायचं कापड ओढून घेतलं. किल्ली मांडीखाली रुतत होती. सकाळीच भाग आवळून धरायच्या फिक्स्चरमध्ये अंगठा सापडला होता, नख काळंनिळं झालं होतं, ते ठसठसत होतं. आत भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. मला वाटलं, चाळिशीचा माणूस, बायकापोरांचा, आणि हे काय करतोय?

मग पुढचं दार उघडलं.

६

सीट कोणाच्या तरी वजनाने दबली. साबणाने धुऊनही न गेलेला मशीनच्या कूलंटचा वास आला, जो माझ्या हातांना असतो. गाडी सुरू झाली. फाटकाशी काकासाहेबाचा आवाज आला, "या सायब, सावकाश." थोडं पुढे जाऊन गाडी थांबली, पाटी ठेवल्याचा आवाज झाला आणि कडूबाई पुढे बसली.

ती बोलत राहिली. नातीला बघायला आलेलं स्थळ, विहिरीचं आटलेलं पाणी, गुडघा. पुढचा माणूस अधूनमधून फक्त "हं" म्हणायचा. पण तो "हं" प्रत्येक वेळी वेगळा होता. जिथे हसायचं तिथे हसणारा, जिथे गप्प बसायचं तिथे बसणारा. मला भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण त्याच्या वर एक कुतूहल होतं. मी ही गाडी इतकी चांगली कधी चालवली नव्हती. एकही खड्डा मला खाली लागला नाही.

कापडाच्या फटीतून मला गिअरवरचा हात दिसला. अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

वस्तीवर कडूबाई उतरली. त्याने खाली उतरून पाटी तिच्या डोक्यावर दिली, परत येऊन बसला आणि गाडी नगरच्या दिशेने निघाली. रोज ती इथून परत फिरत असणार. आज ती पुढे चालली होती. मी कापडाखालूनच विचारलं, "गाडी कुठे चाललीय?"

"बाबांकडे." आवाज माझाच होता, फक्त दमलेला नव्हता.

"आज त्यांचं डायलिसिस आहे."

"माहीत आहे."

"मग त्यांना दवाखान्यातच न्यायचं."

त्याने गिअर बदलला. मग तो म्हणाला, "ते म्हणतील तिथे न्यायचं."

बाबा काय म्हणतील ते मला पक्कं ठाऊक होतं. केडगावला एका एसटीला वाट द्यायला गाडी थांबली तसा मी कापड फेकलं, मागच्या दाराने उतरलो आणि पुढचं दार उघडायला धावलो. हँडलला हात लागला होता. गाडी हलकेच सरकली आणि गर्दीत निघून गेली. मला कुणी उतरवलं नव्हतं, मीच उतरलो होतो.

७

रिक्षात बसून मी दयाला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही, नंतर ती कामात होती. तिने उचलला तोवर रिक्षा सक्करचौकात अडकली होती.

"बाबांना घरीच थांबव. खाली जाऊ देऊ नकोस."

"म्हणजे?" ती म्हणाली. "आत्ताच तर घेऊन गेलास. केविन, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"कोण घेऊन गेलं?"

"तू! हात धरून जिना उतरवलास त्यांना. पायरी-पायरीला थांबलास." तिचा आवाज जरा मऊ झाला. "मला किती बरं वाटलं बघून. त्यांनी तो पांढरा सदरा मागितला तेव्हा मी म्हटलं, दवाखान्यात कशाला हा, तर तू म्हणालास, घालू दे."

मी रिक्षावाल्याला मनमाड रोडला, टाकळीच्या वाटेला घ्यायला सांगितलं. त्याने कुरकुर केली, तिकडे विळद घाटात रस्त्याचं काम चाललंय, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. मी म्हटलं, "म्हणूनच चला."

सगळ्या वाटेवर मी एकच वाक्य घोकत होतो: आधी दवाखाना, बाबा, टाकळी उद्या. उद्या नक्की, शप्पथ. ते ऐकतील.

८

घाटाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. चार ट्रक सोडून पुढे ती उभी होती, पांढरी, धुळीने माखलेली. मी रिक्षा सोडली आणि रांगेच्या कडेने पळत गेलो. धुळीत नाकातोंडाला रुमाल लावला होता, तो तिथेच कुठेतरी पडला.

बाबांच्या बाजूची काच खाली होती. ते हातवारे करत काहीतरी सांगत होते. याच घाटात जीपचं चाक निखळलं होतं आणि आत अडलेली बाळंतीण होती, ती गोष्ट. मी ती अनेकदा अर्धवट ऐकली आहे. शेवट मला माहीत नाही. त्यांना धाप लागत नव्हती. गालाला रंग होता. आणि स्टिअरिंगवरचा माणूस रस्त्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होता. मला पाठीमागून त्याची मान दिसत होती, कानामागचा तीळ दिसत होता. त्याचा चेहरा बघायला मी एक पाऊल पुढे टाकलं आणि मग दुसरं टाकायचं धाडस झालं नाही.

मला मत्सर वाटला. भीती नाही, मत्सर.

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी हाक मारणार होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाकडे बघतात तसं, मायेने आणि ओळख नसताना.

"सलाम," ते आमच्या ख्रिस्ती रिवाजाने म्हणाले. "लई धापा टाकताय. कुठं जायचंय तुमाला?"

दवाखान्याचं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं. मला एकाएकी कळलं की मी म्हणेन तिथे ही गाडी जाईल. मी दवाखाना म्हटलं असतं तर ती तिकडे वळली असती, मुकाट, आणि बाबा पांढऱ्या सदऱ्यात मान खाली घालून बसले असते. डॉक्टरांचं वाक्य आठवलं. दया आठवली. बाबा काच धरून वाट बघत होते. त्यांचे डोळे इतके स्वच्छ मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते.

"टाकळी," मी म्हणालो.

"राहुरीच्या पुढची?"

"हो."

"मंग बसा की मागं! आमीबी तिथंच निघालोय. माज्या मंडळीपाशी." त्यांनी पुढे बसूनच हात मागे टाकला आणि माझ्यासाठी दार उघडलं. मी बसलो. पुढची रांग हलली. मीटरवर मर्यादेचा आकडा केव्हाच मागे पडला होता आणि शेवटचा अंक माझ्या डोळ्यांदेखत सावकाश फिरत होता.

बाबा सीटवरून अर्धे वळले आणि गाववाला भेटला की म्हातारी माणसं निरखतात तसं मला निरखू लागले. समोरचा आरसाही जरासा खाली झाला.

"टाकळीचे म्हंजे आपल्यातलेच," बाबा म्हणाले. "मला समदी घरं ठावं हायती. सांगा बरं, कुणाचे तुमी?"